भिकबाळीचं सोनं

आई, तुझ्या नातीच्या डाव्या कानातली तार आज डॉक्टरांनी कापून काढली. मीच सांगितलं काढायला. बायकोनं हट्ट धरला म्हणून नाही, की डॉक्टरांनी घाबरवलं म्हणूनही नाही. सकाळी प्रेसमध्ये येत नाही असं कळवलं, पोरीला गाडीवर पुढं उभी केली आणि घेऊन गेलो. तुझी थोरली लेक, अक्का, दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. जाताना दारात चपला घालत एवढंच म्हणाली की आई असती तर तुझ्या थोबाडीत ठेवून दिली असती. दिली असतीस, मला माहीत आहे. तू नाहीस म्हणून तुझ्या माघारी उरकून घेतलं असं मात्र कुणी म्हणू नये. तू समोर असतीस तरी मी हेच केलं असतं. थोबाडीत खाऊन केलं असतं.

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होतो. त्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. आता सात रस्त्याजवळच्या एका प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका आणि फलक जुळवतो. मजकूर माझ्या हातून गेला की मालक परत वाचत नाहीत, एवढी माझी ख्याती आहे. हेही मी रद्द झालेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. कागद जाड आहे, शाई फुटत नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती आता चार वर्षांची आहे. माझा उजवा कान आहे तसाच आहे. वरची कड आत मुडपलेली, मधे गाठ. न्हाव्याकडे बसलो की आधी सांगतो, कानावरचे केस राहू द्या. वर्गात मला करंजी म्हणायचे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगून तू काय केलं असतंस, त्या पोरांच्या घरी जाऊन भांडली असतीस. कानाचं काही झालं नसतं.

तो दिवस मला नीट आठवतो. माझ्या आधीची दोन तुझ्या हातून गेलेली, आणि मला ताप चढलेला. वडील तेव्हा टेंभुर्णीला ट्रकवर होते. तेव्हा तू नवस बोललीस, हा उठला तर याला भिकबाळी घालीन. मी उठलो. मग तू धुतलेलं लुगडं नेसून गल्लीतल्या पाच घरी पदर पसरायला निघालीस आणि मी तुझं बोट धरून चाललोय. एका दारात तुझ्याबरोबर कारखान्यात टॉवेलांना शिलाई मारणारी तुझी मैत्रीण उभी आहे. ती हसतेय, म्हणतेय, "आगं आत ये की, दारात काय उभी ऱ्हायलीस?" तू हसत नाहीस.

"आज आत यायचं न्हाय मला. आज मी भिकारीण हाय. वाढ."

तिचं हसू गेलं. ती आत गेली आणि पदराची गाठ सोडत बाहेर आली. तुझ्या पदरात टाकताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला लाज वाटली होती, आणि तुझा हात मात्र जराही हलत नव्हता. एरवी शेजारी मीठ मागायलाही तू मला पाठवायचीस, स्वतः जायची नाहीस. त्या भिकेच्या पैशांतून सोनं घेतलं, त्याची बाळी झाली. सोनार म्हणाला होता, लहान आहे, खालच्या पाळीत टोचू, भरायला सोपं. तू म्हणालीस, भिकबाळी वरच असते, वरच टोचा. त्यानं टोचली. कानाच्या आत कच्ची कैरी कापावी तसा आवाज झाला आणि तू माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबलास.

पुढचं तुला वेगळं आठवत असेल. मला आठवतं ते असं. सकाळी स्टोव्हवर पळीत खोबरेल कोमट होतंय. तू त्यात हळद टाकतेस, मला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरतेस आणि बाळी फिरवतेस. ती फिरत नाही, कारण कान सुजून तिच्यावर चढलाय. तू जोर लावतेस. मी ओरडलो की म्हणतेस, पाच घरचं सोनं आहे ते, रडायचं नाही. एकदा मला सहन झालं नाही आणि शाळेत मधल्या सुट्टीत मीच ती काढली, रुमालात बांधून दप्तरात ठेवली. ही बातमी तुला कारखान्यात कुणी पोचवली कोण जाणे. तू जेवणाच्या सुट्टीत तशीच आलीस, लुगड्याला टॉवेलचे दोरे चिकटलेले. वर्गाच्या दारात मला बोलावलंस आणि सगळ्या मुलांसमोर, बाईंच्या समोर, ती बाळी परत त्याच भोकात घुसवलीस. मी जागेवर जाऊन बसलो आणि पाढे म्हणू लागलो.

मग कान एवढा सुजला की मी त्या कुशीवर झोपू शकेना आणि तू मला सरकारी दवाखान्यात नेलंस. तिथं डॉक्टरांनी बाळी काढली, कान चिरला, पू काढला. वरची कूर्चा खराब झाली होती. ते तुला रागावत होते. तू खाली मान घालून ऐकलंस आणि शेवटी म्हणालीस, "कान गेला तर जाऊ द्या साहेब. जीव ऱ्हायला न्हवं." मी टेबलावर पडून ते ऐकलं. आई, माझा ताप उतरला तो इंजेक्शनांनी, आणि तू उशाशी बसून चमच्याचमच्यानं पाणी पाजत होतीस त्यानं. बाळी तर मी बरा झाल्यावर आली. हे तुला कुणी तोंडावर सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर कुणाची टाप नव्हती. आज मी सांगतोय.

ती बाळी तू डबीत जपून ठेवलीस आणि शेवटच्या दुखण्यात अक्काच्या हातात दिलीस. याच्या पहिल्या लेकराच्या कानात हेच सोनं पडू दे, असं म्हणालीस म्हणे. मी तेव्हा औषध आणायला गेलो होतो. त्यामुळं मुलगी झाल्यापासून अक्का डबी घेऊन माझ्या मागं. बाराव्या दिवशी टोचू, मग सव्वा वर्षाची झाली की टोचू, मग उन्हाळा जाऊ दे, मग थंडी पडू दे. मी टाळत राहिलो. गल्लीतल्या बायका पोरीला मुलगा समजून हाक मारायच्या आणि अक्का मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, बापाला सोनं जड झालंय. शेवटी बायको म्हणाली, अहो, तुमचं वर टोचलं होतं, हिचं खाली पाळीत टोचायचं, दोन्हीत फरक आहे की. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी हो म्हणालो.

सोनारानं तुझी बाळी वितळवून तिची बारीक तार ओढली. पोरगी मामाच्या मांडीवर बसली होती. उजव्या कानाला ती रडलीच नाही, काय झालं ते तिला कळलंच नाही. डाव्याला कळलं. तार वळवताना सोनार जरा जागा सोडत होता. अक्का म्हणाली, घट्ट पीळ द्या, पोरगी लई वढाळ हाय, वढून टाकंल. सोनार म्हणाला की सूज येते, सैल असू द्यावी. अक्का म्हणाली, आमच्यात घट्टच असती. भिकेचं सोनं हरवू नये ही तिची भीती. त्यानं उजवीकडचं वळण होऊन गेलं होतं ते तसंच ठेवलं आणि डावीकडची तार पाळीला चिकटवून पिळली. मी तिथंच उभा होतो. तुझ्या सोन्याचा मान म्हणून कुणीच अडवलं नाही, मीही नाही.

घरी आल्यावर अक्कानं तुझी पद्धत सांगितली. सकाळ संध्याकाळ कोमट खोबरेल, त्यात हळद, आणि तार फिरवायची. मी ती अक्कापेक्षा नीट पाळली. नखं कापली, कोपरापर्यंत हात धुतले, पळी उकळत्या पाण्यातून काढली, कापसाचे सारखे तुकडे कापून स्वच्छ डब्यात भरले. पोरगी विचारायची, "पप्पा, हात धुतले? दाखवा." मी दोन्ही बाजूंनी दाखवायचो. ती वास घ्यायची, मग मान पुढं करायची. उजवा कान भरत आला. डावा लाल झाला. लाल झालाय की नाही हेही धड कळेना, कारण वर हळदीचा पिवळा थर. मी मोबाईलची बत्ती लावून बघायचो, बायकोला बोलावून दाखवायचो, तिच्या म्हाताऱ्या आईला फोनवर दाखवायचो. तार फिरवली की खपली निघायची, ओलं व्हायचं, मी पुन्हा तेल लावायचो. उशीच्या अभ्र्याला कान चिकटायला लागला. अक्का म्हणाली, एवढं होतंच, दुखल्याबिगर कुणाचा कान भरलाय.

मग पोरीनं मान पुढं करणं बंद केलं. मी डबा उघडला की ती मोरीत जाऊन दार लावून घ्यायची. मी बाहेर उभा राहून समजावायचो, आत्याला काय सांगायचं, चांगली मुलं अशी करत नाहीत, सोनं आहे ते. आणि आज सकाळी, आई, ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि मी तिथंच थांबलो. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, पण चाल तीच होती.

मी तिला म्हटलं, बाहेर ये, आज तेल नाही, नुसतं बघतो. ती आली. मी नुसतं पाणी लावून हळद धुतली. पाळी फुगून टणक झाली होती आणि मागच्या बाजूला तार दिसतच नव्हती. मांसात गेली होती. पुढून एवढासा सोन्याचा ठिपका दिसत होता आणि त्याच्या कडेनं पू. अंगही कोमट लागत होतं. मी बायकोला म्हटलं, हिला स्वेटर घाल. तेवढ्यात अक्का आली. तिनं कान बघितला आणि पदर खोचला. म्हणाली, तेलात बुडवून एकदा जोरानं फिरवली की सुटंल, तू धर पोरीला, तुला जमत न्हाय. पोरगी माझ्या मागं आली आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून उभी राहिली.

मी म्हणालो, "अक्का, हात लावू नकोस. मी तार काढून आणतोय."

"आरं, काढली की भोक बुजतंय. आईनं पदर पसरून आणलेलं सोनं हाय ते. तू जिता हायस ते त्याच्यामुळं."

"असेन. पण त्याची परतफेड हिच्या कानातनं करायची नाही."

"लई शाणा झालास. तुझा कान बघून आई काय हरकून गेली हुती व्हय? तिनं बी सोसलंय."

"तिनं सोसलं ते माझ्या कानावर सोसलं. माझा कान कुणी विचारला नाही. हिचा मी विचारतोय."

अक्का स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. बायकोनं पोरीला स्वेटर घातला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं की याला काय काय लावलंय. मी एकेक करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढी निगा कुणी ठेवत नाही, फक्त तार फिरवायची नव्हती आणि तेल लावायचं नव्हतं. फिरवली की आतली जखम रोज नव्यानं उघडते, तेलात घाण धरून राहते. आणि सुजायला जागा न मिळाल्यानं पाळी तारेवर चढली. त्यांनी कान बधिर केला. बधिर करायची सुई टोचली तेव्हा पोरगी माझ्या मनगटाला चावली, अजून खूण आहे. नंतर तिला काही कळलं नाही. त्यांनी छोट्या पकडीनं तार कापली आणि दोन तुकडे ओढून काढले. खूप पू आला. उजवीकडचं वळण त्यांनी सैलच आहे म्हणून राहू दिलं. मी विचारलं, ताप वाढेल का, पू परत भरेल का, लाली गालाकडं सरकली तर काय करायचं. त्यांनी सांगितलं. मी परत विचारलं. त्यांनी न रागावता परत सांगितलं. पोटात घ्यायचं औषध, दिवसातून दोनदा मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं पुसायचं, दुसरं काही नाही, आणि लाली पसरली किंवा ताप चढला तर थांबायचं नाही, तसंच उचलून आणायचं.

मग त्यांची नजर माझ्या कानावर गेली. त्यांनी विचारलं, "बघू का?" मी केस बाजूला केले. हा कान मी कुणाला दाखवत नाही, हे तुला माहीत नाही. त्यांनी बोटानं गाठ चाचपली आणि विचारलं, हे केव्हाचं. मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की घरात अशा गाठी धरायचा स्वभाव असेल तर मुलीच्या कानाकडं काही महिने लक्ष ठेवा, आत्ताच सांगता येत नाही, आणि पुन्हा टोचायची घाई करू नका. मी म्हणालो, घाई नाही. पुन्हा टोचायचं की नाही हे तीच सांगेल, मोठी झाली की. डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसलो नाही, मी ते मनापासून बोललो होतो. उद्या ती पंधरा वर्षांची होऊन म्हणाली की मला एका कानाला चार भोकं पाडायचीत, तर मी बरोबर जाईन आणि सुई उकळलेली आहे का ते विचारीन. आणि म्हणाली की नको, तर आयुष्यभर मोकळे कान घेऊन हिंडू दे.

घरी आलो तर अक्का होतीच. मी तारेचे तुकडे गॉजमध्ये गुंडाळलेले तिच्यापुढं ठेवले. तिनं ते डोळ्यांना लावले आणि मग मघाशी सांगितलं ते थोबाडीचं बोलून निघून गेली. उद्यापर्यंत सगळ्या नात्यात जाईल की ह्यानं आईचं सोनं पोरीच्या कानातनं उपटून काढलं. जाऊ दे. मला विचारायला येतील त्यांना मी केस मागं करून कान दाखवीन. आजवर झाकला, आता झाकणार नाही. तू पाच दारांत उभी राहिलीस, ते मी कुणाला खोटं ठरवू देणार नाही. त्या मैत्रिणीच्या दारातलं तुझं बोलणं मी माझ्या पोरीला सांगणार आहे, जसंच्या तसं. पण तू वर्गाच्या दारात केलंस तेही सांगणार आहे. दोन्ही तूच केलंस. एक सांगून दुसरं लपवायचं हे अक्का करते, मला जमणार नाही.

हे लिहून तुला पोचवायला मला कुठलं ठिकाण नाही. पत्रिकांच्या गठ्ठ्यात राहील. तरी एक राहिलंय ते लिहून टाकतो. मघाशी, दिवेलागणीला, कान पुसायची वेळ झाली. मी हात धुतले, दाखवले, मिठाचं पाणी लावलं. बधिरपणा उतरला होता, तिला झोंबलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "पप्पा, फू करा." डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं होतं, जखमेवर फुंकर घालायची नाही, तोंडातले जंतू जातात. मला ते पाठ होतं. हळद लावून झाली की तू गुडघे सैल करायचीस आणि माझ्या कानावर किती तरी वेळ फुंकर घालत बसायचीस. तेवढा वेळ दुखायचं नाही. मी जरा लांबून, मान तिरकी करून, हलकीशी फुंकर घातली. तिनं डोळे उघडले नाहीत, म्हणून अजून एकदा घातली. डॉक्टरीणबाईंना हे सांगणार नाही. अक्काला तर मुळीच नाही.